सुकाणू कोणाच्या हाती?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात वडोदरा येथे दिलेले भाषण)



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी काही वक्ता नव्हे. चाळीस वर्षे कारखान्यात काढलेला एक साधा इंजिनिअर आहे. यंत्रांच्या खडखडाटात बोलण्याची सवय असल्यामुळे माझा आवाज मोठा आहे. त्यावरून विचारही तेवढेच मोठे असतील अशी कोणी अपेक्षा करू नये. परंतु या न्यासाचे माझ्यावर ऋण आहे. न्यासाने आरंभीच्या वर्षांत ज्या विद्यार्थ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती दिली त्यांपैकी मी एक. रक्कम मी यथावकाश फेडली, पण रक्कम फेडल्याने ऋण फिटते असे नाही. म्हणून नाही म्हणणे मला शक्य झाले नाही.

विषय निवडताना एक लहानसा प्रसंग कारणी लागला. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या मुलाखती घेण्यासाठी मी समितीवर होतो. एक मुलगी आली. गुण उत्तम, बोलणे धीट. आमच्यातील एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, "बाळ, तुझी शाखा कोणती? मेकॅनिकल की कॉम्प्युटर?" ती म्हणाली, "काका, दोन्ही. मला सायबर-फिजिकल सिस्टीम शिकावयाची आहे." आमच्या छापील अर्जात शाखेसाठी एकच चौकट आहे. तिने त्या एका चौकटीत दोन्ही नावे बारीक अक्षरांत कोंबून लिहिली होती. समितीत थोडी कुजबूज झाली, आणि "अर्ज नीट भरलेला नाही" असा शेराही मारला गेला. मला मात्र वाटले की, अर्ज तिने नीट भरला आहे. आपली चौकटच आता अपुरी पडू लागली आहे. आजचे माझे बोलणे त्या चौकटीविषयीच आहे.

हे नाव लांबलचक आणि परके आहे, परंतु त्याला भिण्याचे कारण नाही. ग्रीक भाषेत 'कुबेर्नेतेस' म्हणजे नावेचे सुकाणू धरणारा, आपल्या कोकणच्या भाषेत तांडेल म्हणा. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली नियंत्रणशास्त्रावर ग्रंथ लिहिला, त्याला त्याने या शब्दावरून 'सायबरनेटिक्स' असे नाव दिले. गंमत अशी की, 'गव्हर्नर' हा शब्दही लॅटिनमार्गे त्याच मुळातून आलेला आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या यंत्राला दोन फिरत्या गोळ्यांचा जो गव्हर्नर बसवला, तो यंत्राचा वेग वाढला की वाफ कमी करी आणि वेग घटला की वाफ वाढवी. पुढे २००६ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमधील हेलन गिल यांनी 'सायबर-फिजिकल सिस्टीम' हा शब्दप्रयोग रूढ केला. अर्थ इतकाच: जेथे गणकयंत्राची आज्ञावली आणि प्रत्यक्ष लोखंड, पाणी, वीज, चाक ही एकमेकांत इतकी विणलेली असतात की, एकाचा विचार दुसऱ्यावाचून करता येत नाही, अशी यंत्रणा.

घरातले उदाहरण घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. पूर्वी टाकी भरून वाहू लागली की खालून कोणीतरी ओरडे, "अरे, मोटर बंद करा!" ही पहिली पायरी. नंतर टाकीत तरंगणारा गोळा आला. पाणी चढले की गोळा चढे आणि तोटी बंद होई. ही दुसरी पायरी. त्यानंतर पाण्याची पातळी ओळखणारा संवेदक आला आणि तो मोटरच बंद-चालू करू लागला. ही तिसरी. आता चौथी पायरी पाहा. सोसायटीच्या चारही इमारतींच्या मोटरी एकमेकींशी बोलतात. जमिनीखालच्या टाकीत किती पाणी आहे, पालिकेचे पाणी किती वाजता येते, विजेचा दर कोणत्या वेळी कमी असतो हे सारे त्यांना ठाऊक असते. आणि मोटरचे बेअरिंग तापू लागले तर प्लंबरच्या फोनवर आपोआप निरोप जातो.

आता माझा प्रश्न ऐका. पहिल्या पायरीवर पाणी वाहून गेले तर कोणाला रागवावयाचे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. चौथ्या पायरीवर पाणी वाहून गेले, किंवा त्याहून वाईट म्हणजे आलेच नाही, तर जाब कोणाला विचारावयाचा? संवेदक बनवणाऱ्याला, आज्ञावली लिहिणाऱ्याला, इंटरनेट पुरवणाऱ्याला, प्लंबरला, की सोसायटीच्या चिटणिसाला? प्रत्येक जण प्रामाणिकपणे सांगेल की, माझे काम ठीक होते. या प्रश्नाचे उत्तर पाणी वाहण्यापूर्वीच ठरवून ठेवणे, यालाच मी आजच्या काळातील अभियांत्रिकी व्यवस्थापन म्हणतो.

आम्ही जे व्यवस्थापन शिकलो ते वेगळ्या काळाचे होते. फ्रेडरिक टेलर याचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक १९११ साली निघाले. कामाचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला घड्याळ लावावे, प्रत्येकाला आपापला तुकडा नेमून द्यावा, हे त्याचे सूत्र. त्यातून विभाग निर्माण झाले. आराखडा विभागाने कागद काढला की तो उत्पादनाकडे, उत्पादनाने माल काढला की तपासणीकडे, तपासणीने शिक्का मारला की ग्राहकाकडे. कागद पुढे सरकला की जबाबदारीही पुढे सरकली. त्या पद्धतीने जगाला स्वस्त आणि भरपूर माल दिला, तिची निंदा मी करणार नाही. मात्र तिच्यात एक गृहीत धरलेले होते, की तुकडे नीट केले म्हणजे सगळे मिळून नीट होतेच. या नव्या यंत्रणांत नेमके हेच गृहीत ढासळते.

४ जून १९९६ रोजी युरोपच्या 'एरियन-५' या नव्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. सुमारे चाळीस सेकंदांत तो आकाशात फुटून नष्ट झाला. इंजिन ठीक होते, सांगाडा ठीक होता. दिशा सांगणाऱ्या उपकरणातील आज्ञावली मात्र आधीच्या 'एरियन-४' वरून जशीच्या तशी उचललेली होती, आणि तेथे ती वर्षानुवर्षे निर्दोष चाललेली होती. नवा अग्निबाण जुन्यापेक्षा वेगाने आडवा सरकणारा होता. त्यामुळे एक आकडा इतका मोठा झाला की, त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत तो मावेना. उपकरण थांबले. जोडीला तसेच राखीव उपकरण ठेवलेले होते, परंतु त्यातही तीच आज्ञावली असल्यामुळे तेही थांबले. दोन पहारेकरी ठेवले खरे, पण दोघांनाही एकाच गुरूने एकच चूक शिकवलेली होती. आणि ज्या गणितात हा आकडा फुगला, त्याची नव्या अग्निबाणाला उड्डाणानंतर गरजही नव्हती! चूक कोणत्याही एका विभागाच्या चौकटीत नव्हती. ती दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर बसलेली होती, आणि रेघेचा कोणी मालक नव्हता. पहिला बदल हा: नव्या व्यवस्थापकाला विभागांपेक्षा विभागांमधल्या रेघा अधिक जपाव्या लागतात.

दुसरा बदल असा की, माल कारखान्याच्या दारातून बाहेर पडला म्हणजे काम संपले असे आता राहिलेले नाही. याचे बीज जुने आहे. १९६२ साली ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने आपल्या 'वायपर' या विमानाच्या इंजिनासाठी अशी योजना काढली की, ग्राहकाने इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचे ठराविक पैसे द्यावेत, दुरुस्तीची काळजी कंपनी वाहील. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसमध्ये विलीन झाली आणि ही पद्धतही तेथे वाढली. आज मोठ्या विमानांच्या इंजिनांत बसवलेले संवेदक उष्णता, दाब, कंप यांची नोंद करीत असतात, आणि उड्डाण चालू असतानाच इंजिनाची प्रकृती जमिनीवरच्या माणसांना कळते. अशा व्यवहारात इंजिन बिघडले तर तोटा बनवणाऱ्याचाच. म्हणजे टिकाऊ माल करण्यात त्याचा स्वार्थ येतो, ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्याबरोबर नवे प्रश्न आले. यंत्राने सांगितलेली माहिती कोणाच्या मालकीची? विकलेल्या यंत्राची आज्ञावली रात्रीतून दुरून बदलली, तर सकाळी ते यंत्र कालचेच म्हणावे की नवे? त्याची चाचणी पुन्हा कोणी घ्यावयाची?

या शेवटच्या प्रश्नापाशी मला थोडे थांबावयाचे आहे, कारण तेथे माझी स्वतःची एक जखम आहे.

सन १९९१ च्या सुमाराची गोष्ट. मी एका कारखान्यात पाळीप्रमुख होतो. आमच्या प्रेसला नुकतेच नवे नियंत्रक बसवले होते. प्रेससमोरची संरक्षक जाळी उघडली की एक लहानसा स्विच सुटे आणि प्रेस थांबे. त्या स्विचमध्ये धूळ जाऊन जाळी बंद असतानाही प्रेस वारंवार थांबू लागला. माल दुसऱ्या दिवशी पाठवावयाचा होता. रात्रपाळीच्या वायरमनने स्विचच्या दोन टोकांना दोन बोटे लांबीची लाल तार जोडली आणि मला म्हणाला, "साहेब, सकाळी नवा स्विच येईल तोवर." मी मान हलवली. लॉगबुकात मी लिहिले नाही, कारण लिहिले असते तर मला ठाऊक होते हे दिसले असते. सकाळी नवा स्विच आला नाही. तिसऱ्या दिवशी एका एकोणीस वर्षांच्या हेल्परने अडकलेला पत्रा काढण्यासाठी जाळी उघडून हात आत घातला. जाळी उघडली म्हणजे प्रेस थांबतो, असे त्याला आम्हीच शिकवले होते. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशी झाली. वायरमनला तीन महिने निलंबित केले आणि त्याची बढती कायमची गेली. मला विचारण्यात आले, "तुम्हाला हे ठाऊक होते काय?" मी सांगितले, "नक्की आठवत नाही." बंधूंनो, ते खोटे होते. मला स्पष्ट आठवत होते. वायरमनने माझे नाव घेतले नाही, आणि आज तो हयात नाही. एवढ्या वर्षांनी, जेथे मला पहिले साहाय्य मिळाले त्या संस्थेच्या व्यासपीठावरून मी हे सांगत आहे, ते सहानुभूतीसाठी नव्हे. त्या तारेची आठवण मला या नव्या विद्येपुढे घेऊन जाते म्हणून. ती तार निदान लाल होती. जाळीजवळ वाकून पाहिले असते तर कोणालाही दिसली असती. आज तेच काम आज्ञावलीतील एका ओळीने होते. ती ओळ वाकून पाहिली तरी दिसत नाही. ती कोणी घातली, का घातली, कधी काढावयाची आहे, हे लिहून ठेवलेले नसेल तर ती तेथे वर्षानुवर्षे राहील.

हे केवळ माझ्या प्रेसपुरते नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ जाण्याचा हिरवा सिग्नल मिळाला. रूळ मात्र बाजूच्या मार्गाकडे वळवलेले होते, आणि तेथे मालगाडी उभी होती. पावणेतीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेल्या फेरफारातील, आणि त्या दिवशी फाटकाच्या कामाच्या वेळी केलेल्या जोडणीतील, त्रुटींवर बोट ठेवले गेले. सिग्नल आणि रूळ यांनी एकमेकांशी खोटे बोलू नये यासाठीच तर ती सारी यंत्रणा असते. तारांचा फेरफार कागदावर, आणि कागदावरचा फेरफार पुढच्या माणसाच्या हाती पोचला नाही, तर उत्तमातील उत्तम यंत्रणाही खोटी साक्ष देते. तिसरा बदल हा: प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणे हे कारकुनी काम राहिलेले नाही. ते प्राण वाचवणारे काम झाले आहे.

हे तिन्ही धागे ज्यात एकत्र गुंतले असे एक प्रकरण सांगतो. बोइंग कंपनीने ७३७ या जुन्या विमानाची 'मॅक्स' ही नवी आवृत्ती काढली. तिला अधिक मोठी आणि इंधन वाचवणारी इंजिने बसवली. ती जुन्या जागी मावत नसल्याने थोडी पुढे आणि वर बसवावी लागली. त्यामुळे काही परिस्थितींत विमानाचे नाक जास्त वर उचलले जाण्याचा कल निर्माण झाला. हा दोष लोखंडात न सुधारता आज्ञावलीने सुधारावयाचे ठरले. 'एमकॅस' नावाची व्यवस्था नाक फार वर गेले असे समजताच शेपटीचा पंखा हलवून ते खाली दाबी. नाक किती वर आहे हे सांगणारे संवेदक विमानाला दोन होते; ही व्यवस्था एका वेळी एकाचेच ऐके. आरंभी तिला एका वेळेस सुमारे ०.६ अंश पंखा हलवण्याचा अधिकार होता. पुढे तो २.५ अंशांपर्यंत वाढवला गेला, आणि संवेदक चुकीचे सांगत राहिला तर ती पुन्हा पुन्हा दाब देऊ शकत होती. हा अधिकार वाढल्याची बातमी ज्या ज्या मेजावर पोचावयास हवी होती, तेथे ती नीट पोचली नाही. वैमानिकांच्या पुस्तिकेतही या व्यवस्थेचा उल्लेख नव्हता.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे विमान समुद्रात कोसळले, १८९ माणसे गेली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात दुसरे कोसळले, १५७ गेली. एकूण ३४६. यांतील एक गोष्ट मला झोपू देत नाही. इंडोनेशियातील त्याच विमानाने आदल्या रात्री उड्डाण केले होते. त्याच दिवशी बसवलेला संवेदक सुमारे २१ अंश चुकीचे सांगत होता, आणि विमान नाक खाली घालू लागले होते. कॉकपिटमध्ये योगायोगाने तिसरा एक वैमानिक बसलेला होता; त्याच्या सूचनेवरून पंख्याची मोटर तोडण्याची कळ दाबली गेली, आणि सर्व जण सुखरूप उतरले. परंतु उतरल्यावर नोंदवहीत जे लिहिले गेले त्यात ही सारी हकीकत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या वैमानिकांच्या हाती तेच विमान दिले गेले. भगिनींनो आणि बंधूंनो, मी ही हकीकत वाचली तेव्हा मला माझे न लिहिलेले लॉगबुक आठवले.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने हे विमान पुन्हा उडवण्यास परवानगी दिली, ती सुधारणा झाल्यावर. आता ती व्यवस्था दोन्ही संवेदकांचे ऐकते, आणि त्यांचे पटले नाही तर गप्प बसते. सुधारणा किती साधी! पण ती करण्यापूर्वी ३४६ माणसांची किंमत मोजावी लागली. यंत्राने आज्ञा मोडली नव्हती. त्याला जे सांगितले तेच त्याने केले. सांगणाऱ्यांच्या मध्ये जे अंतर पडले होते, त्या अंतरात ती माणसे गेली.

येथे एक धोका आणखी सांगितला पाहिजे, तो वाईट हेतूचा. २०१० साली 'स्टक्सनेट' नावाची एक दुष्ट आज्ञावली उघडकीस आली. इराणमधील नतांझ येथील युरेनियम समृद्ध करणाऱ्या फिरत्या यंत्रांचा वेग ती गुपचूप बिघडवी, आणि त्याच वेळी देखरेख करणाऱ्यांच्या पडद्यावर आधी टिपून ठेवलेले सर्व ठीक असल्याचे आकडे दाखवी. आमच्या काळी चोर कुलूप तोडून आत येई. हा चोर पहारेकऱ्याच्या डोळ्यांतच शिरला. म्हणून पडद्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष यंत्र यांची अधूनमधून गाठ घालून देणारा माणूस लागतोच.

मग या नव्या व्यवस्थेत माणसाचे काय? आपल्या समाजातील अनेक घरे कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली आहेत, त्यामुळे ही काळजी खरी आहे. आमच्या वेळचा जुना फिटर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाशी लावून सांगे, "साहेब, हे आठ दिवसांत जाणार." आज तो कंप संवेदक मोजतो आणि त्याच्याही आधी सांगतो. काही कामे गेली, आणखी जातील. खोटा धीर देण्यात अर्थ नाही. परंतु लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश विदुषीने १९८३ मध्येच एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली होती. सोपे काम यंत्राकडे जाते आणि माणसाकडे उरते ते सर्वांत कठीण काम, तेही ज्याची सवय मोडलेली आहे असे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरावर असताना वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या. स्वयंचलित वैमानिकाने काम सोडून दिले आणि विमान अचानक माणसांच्या हाती आले. काय घडत आहे हे त्यांना उमगण्यापूर्वीच ते समुद्रात गेले, २२८ माणसांसह. यंत्र जितके हुशार, तितका त्याच्याजवळचा माणूस अधिक शिकलेला आणि अधिक सरावातला हवा. खर्च वाचवण्यासाठी जो व्यवस्थापक याच्या उलट करतो, तो पुढच्या अपघाताचे बी पेरतो.

आपल्या देशाने याची दखल घेतली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सायबर-फिजिकल यंत्रणांसाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली, पाच वर्षांसाठी ३,६६० कोटी रुपयांची, आणि तीतून शिक्षणसंस्थांमध्ये २५ केंद्रे उभी करण्याचे ठरले. सरकार आपले काम करील. आपण काय करावयाचे, हे सांगून मी आटोपते घेतो.

तरुण मित्रांना माझ्या तीनच विनंत्या आहेत. पहिली, कोणतेही हुशार यंत्र हाती आले की आधी विचारा, याचा संवेदक खोटे बोलला तर हे काय करील? दुसरी, केलेला प्रत्येक फेरफार लिहा; मुख्य म्हणजे जो लिहिण्याची लाज वाटते तो. तिसरी, पुढे तुम्ही अधिकारी व्हाल, तेव्हा ज्याला प्रथम दोष दिसतो त्याला थांबवण्याचा अधिकार द्या. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्णत्वास नेला, तो धागा तुटताच आपोआप थांबे. त्यांच्या घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला, तेव्हा तेच तत्त्व माणसांना लावले: दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढावी आणि काम थांबवावे. त्या दोरीसाठी इंटरनेट लागत नाही. ओढणाऱ्याला शिक्षा होणार नाही एवढी खात्री मात्र लागते.

विश्वस्त मंडळींना दोन विनंत्या. या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, ते हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावे आणि शास्त्र शिकणाऱ्याचे हात मळावेत म्हणून. तीच परंपरा आपण पुढे चालवू या. अर्जातील ती एक चौकट मोठी करा. ज्या विद्यार्थ्याला दोन विद्या मिळून शिकावयाच्या आहेत त्याला बारीक अक्षरांत लिहावे लागू नये. आणि सुवर्णमहोत्सवी निधीतील काही भाग पदवी घेणाऱ्यांखेरीज आयटीआयच्या मुलांसाठी, तसेच पंचेचाळिशी ओलांडलेल्या फिटर, वायरमन, ऑपरेटर यांच्या पुनःशिक्षणासाठी राखून ठेवा. मला ठाऊक आहे की, "इतक्या वयाच्या माणसांवर पैसा कशाला?" असे काही सभासदांचे मत आहे. मी त्यांना आदरपूर्वक सांगतो की, नवे यंत्र काय चुकवील हे ज्याला जुने यंत्र कळते तोच लवकर ओळखतो. त्याला फक्त नवी भाषा शिकवावयाची आहे.

जाता जाता एक खुलासा. त्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. समितीत मतभेद झाले, पण अखेर सर्वांनी मान्य केले. आणि न्यासास माझ्याकडून एक अल्प रक्कम आज मी देत आहे, ती त्या पुनःशिक्षणाच्या कामी लावावी. तिला माझे नाव देऊ नये. नाव द्यावयाचेच असेल तर नुसते 'वायरमन' असे लिहावे.

सुकाणू कोणाच्या हाती, असे मी विचारले होते. ते यंत्राच्या हाती जरूर द्या, ते आपल्यापेक्षा स्थिर धरील. पण नाव कोठे जात आहे हे पाहणारा, आणि चुकली तर ओरडून सांगणारा माणूस नावेतून उतरवू नका.